हाली, कलदार आणि घरातला जुना संगणक

२०२५ ची दिवाळी आणि विंडोज १० चं उत्तरकार्य आमच्याकडे एका पाठोपाठ उरकलं. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला सुरक्षेची अपडेट देणं थांबवलं आणि पुढच्याच आठवड्यात लातूरला, ताईच्या घरी, फराळाची ताटं समोर असताना त्यावरून बापलेकांत जुंपली. भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दाजींची मार्केट यार्डात आडत आहे, तिचे हिशेब टॅली या सॉफ्टवेअरवर. वादाचा विषय होता हॉलच्या कोपऱ्यात क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला संगणक. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती, त्या २०१६ च्या उन्हाळ्यात घेतलेला. विंडोज ११ त्याला आत घेत नाही. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, अशी तिची अट. याचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. भाचा म्हणाला, "पप्पा, लिनक्स टाकून देतो, फुकट आहे." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी दुसरी व्यवस्था. दाजी म्हणाले, "आन् टॅली काय तुझा बाप चालवणार का त्याच्यात? उगंच कशाला झेंगट गळ्यात घ्यायलास?" बाप आपण स्वतःच आहोत, हे रागाच्या भरात त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. दोन तास वाद चालला. त्या दोन तासांत हा संगणक या घरात नेमकं काय काम करतो, हे एकदाही कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून हाच वाद मी स्टाफरूममध्ये ऐकला, संगणक दुरुस्तीच्या दुकानात ऐकला, एका लग्नाच्या पंगतीत ऐकला. सगळीकडे साचा तोच. एका बाजूला 'फुकट', दुसऱ्या बाजूला 'टॅली'. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरातला असा संगणक लिनक्सवर न्यावा. आडतीतला नेऊ नये. आणि नेण्याचं कारण म्हणून पैसा पुढे करू नये, कारण ते कारण आपल्याकडे लागूच पडत नाही. खरा प्रश्न एवढाच की, घरातलं यंत्र म्हातारं झालं हे ठरवायचं कोणी? ताईच्या त्या खोक्यात बिघाड काहीच नव्हता. पंखा फिरत होता, पडदा लागत होता, कीबोर्डवरचं एक 'अ'चं अक्षर तेवढं पुसलं होतं. २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ आली तेव्हा त्याचं वय होतं पाच वर्षं. पाच वर्षांच्या ट्रॅक्टरला कोणी 'आता तुला डिझेल मिळणार नाही' म्हटलं, तर आपण गप्प बसलो असतो का?

मायक्रोसॉफ्टची बाजूही ऐकली पाहिजे. टीपीएम म्हणजे कुलपाच्या किल्ल्या वेगळ्या जागी, हार्डवेअरच्या पातळीवर सांभाळणारी सोय. ती असलेलं यंत्र जास्त सुरक्षित असतं, यात खोटं काही नाही. विंडोज १० जुलै २०१५ ला आली होती. दहा वर्षं सांभाळणं ही काही कमी चाकरी नव्हे. शिवाय १४ तारखेला कोणाचा संगणक बंद पडला नाही. ज्याला हवी त्याला नोंदणी करून आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची अपडेट घेण्याची सोयही ठेवली आहे. तेव्हा 'आता तुमचं बँक खातं रिकामं होणार' अशी ओरड करणारे लिनक्सवाले मला आवडत नाहीत. त्यात आपल्याकडची गंमत वेगळीच. ज्या माणसानं चोरीची प्रत पकडली जाऊ नये म्हणून पाच वर्षं अपडेटच बंद करून ठेवलं, त्याला अपडेट संपल्याची भीती काय घालायची?

म्हणूनच 'फुकट' हा मुद्दा मला हास्यास्पद वाटतो. मराठवाड्यातल्या किती घरांत विंडोज पैसे मोजून आली? संगणक जोडून देणारा पोरगा येतो, 'विंडोज मारून देतो' म्हणतो, सोबत ऑफिस आणि फोटोशॉपही मारतो, आणि मजुरीचे चार-पाचशे घेऊन जातो. लॅपटॉपसोबत अधिकृत विंडोज येते ते सोडा. जोडलेल्या डेस्कटॉपवर ती विकत घेतलेली मी फार क्वचित पाहिली. अशा माणसाला 'लिनक्स फुकट आहे' म्हणून सांगणं म्हणजे गोदावरीकाठच्या माणसाला पाणी फुकट आहे म्हणून सांगणं. त्याला विंडोजही फुकटच आहे, आणि वर त्यात टॅली चालते. या लढाईत लिनक्स पहिल्याच फेरीत हरते.

रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून इंग्रजीत एक घोळ चालत आला आहे. तिथे 'फ्री' म्हणजे फुकटही आणि मोकळंही, त्यामुळे बिचाऱ्यांना दर वेळी खुलासा करावा लागतो. मराठीत हा घोळ होण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडे 'फुकट' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं, दोन्ही शब्द धडधाकट. तरीही आपण नेमका फुकट हाच शब्द उचलला. ज्या परवान्याखाली लिनक्सचा गाभा वाटला जातो, तो म्हणतो: वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र पुढे वाटताना घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. हे पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा औशाच्या शेतकऱ्याला लवकर कळावं. सोयाबीनचं घरचं बियाणं म्हणजे दुसरं काय? यंदाच्या राशीतलं चांगलं बाजूला काढायचं, पुढच्या मृगाला पेरायचं, भावकीत कोणाला कमी पडलं तर द्यायचं. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याचा हा हक्क मान्य केला आहे. ब्रँडच्या नावानं विकायचं नाही, एवढीच मर्यादा. घरचं बियाणं कोणी फुकट म्हणून राखत नाही. राखायला कष्ट लागतात, कोरडी जागा लागते, कीड लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालावं लागतं. ते राखतात ते पेरणी दुकानदाराच्या साठ्यावर अडू नये म्हणून. २०२० च्या खरिपात विकतचं सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या, दुबार पेरणीची वेळ आली, तेव्हा हा शहाणपणा पुन्हा आठवला होता.

आता दाजींची बाजू. ती भाच्याला वाटते त्यापेक्षा फार भक्कम आहे. टॅली विंडोजवर चालते. लिनक्सवर ती आडवाटेनं चालवता येते, पण मार्चअखेरीला हिशेब अडकला की आडवाटेनं चाललेल्या टॅलीला कोणी वाली नसतो. डिजिटल सहीचं डोंगल, बायोमेट्रिकचं अंगठ्याचं यंत्र, बारकोडचा प्रिंटर, यांतल्या कशाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राची संगणकाशी गाठ घालून देणारा कार्यक्रम, लिनक्ससाठी आहे, कशाचा आहे पण जुना आहे, कशाचा नाहीच. सेतू केंद्र चालवणाऱ्यानं, फोटो स्टुडिओवाल्यानं, ऑटोकॅडवर नकाशे काढणाऱ्यानं लिनक्सच्या नादी लागू नये. पोट ज्यावर आहे त्या यंत्रावर प्रयोग नसतात. वर्डमध्ये केलेली, तक्ते आणि चौकटी असलेली फाइल लिब्रेऑफिस या ऑफिसच्या मुक्त पर्यायात उघडली की चौकटी सरकतात, हेही खरं. आणि जिल्हा कार्यालयातल्या कारकुनाला 'चूक तुमच्या फाइलच्या स्वरूपाची आहे' असं ऐकवून उपयोग नसतो. गेम खेळणाऱ्या पोरांचंही तेच. फसवेगिरी रोखणारी व्यवस्था ज्या ऑनलाइन खेळांत खोलवर बसवलेली असते, त्यांतले काही, उदाहरणार्थ व्हॅलोरंट, लिनक्सवर चालतच नाहीत. यावर लिनक्सवाले काय म्हणतात? 'जगातले सगळे पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात.' चालतात, २०१७ पासून एकूण एक. पण ताईच्या घरी महासंगणक नाही. 'तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सच आहे.' गाभा आहे, बरोबर. पण म्हणून फोन वापरणाऱ्याला लिनक्स येतं असं म्हणणं म्हणजे एसटीत बसणाऱ्याला इंजिन खोलता येतं असं म्हणण्यासारखं आहे.

एवढं सगळं मान्य करूनही दाजींचा निष्कर्ष चुकतो, कारण ही सगळी यादी दुकानाची आहे. आडतीत वेगळा संगणक आहे, तो २०२२ चा आहे, त्यावर विंडोज ११ आधीच आहे आणि तिथे ती सुखानं नांदो. घरातल्या खोक्याचं काय काम आहे? मी ताईला विचारलं. लाइट बिल, धाकटीच्या शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज, सातबारा बघणं, नीटच्या सराव परीक्षा, यूट्यूबवर कीर्तन, फोटो ठेवणं, महिला मंडळाच्या हिशेबाचा एक तक्ता आणि वर्षातून दोनदा मराठीत एखादं पत्र. पहिली पाच कामं ब्राउझरमधली. ब्राउझरला खाली विंडोज आहे की लिनक्स, याचं सोयरसुतक नसतं. सहावं कुठेही होतं. उरलेल्या दोनांतला तक्ता लिब्रेऑफिसला जड नाही. म्हणजे अख्ख्या वादातला खरा अवघड मुद्दा उरतो एकच, आणि तो ना भाच्यानं काढला ना दाजींनी. मराठी टायपिंग.

त्यावर थोडं थांबायला हवं. इन्स्क्रिप्टनं टाइप करणाऱ्याला अडचण नाही. सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडला की झालं. इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे मराठी टाइप करण्याची सोयही जोडता येते. रेमिंग्टनवर बोटं बसलेल्या जुन्या टायपिस्टांना थोडी शोधाशोध करावी लागेल. फॉन्टची उणीव नाही. मुक्त परवान्यातले देवनागरी फॉन्ट आज सुंदर आहेत. खरी अडचण जुन्या फाइलींची आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपण सगळ्यांनी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलं. त्यात फाइलीच्या पोटात मराठी नसतेच. असतात इंग्रजी चिन्हं, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. फॉन्ट गेला की मजकूर जातो, उरतो 'एफ, डी, कंस, उद्गारचिन्ह' असा चिवडा. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर गावच्या मारुतीच्या देवळाचा इतिहास असा टाइप करून ठेवला होता, सव्वाशे पानं. ते गेल्यावर मी ती फाइल उघडली. फॉन्टचं नाव कोणाला माहीत नव्हतं. शेवटी ओळखीच्या एका छापखानेवाल्यानं अंदाजानं ओळखलं आणि आठ दिवस खपून ती युनिकोडमध्ये आणली. यात लिनक्सची पुण्याई नाही आणि विंडोजचा दोषही नाही. युनिकोड दोन्हीकडे आहे. पण ज्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे अशा पेटीत आपण आपलं लिहिलेलं ठेवत होतो, हे मला तेव्हा कळलं.

हे मराठवाड्याला नव्यानं सांगायला नको. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं निजामकालीन नोंदी धुंडाळायला घेतल्या, तेव्हा तहसिलीतून काय शोधाशोध झाली? दप्तरं होती, कागद होते, शिक्के होते. वाचणारे नव्हते. मोडी वाचणारा कोण, उर्दू वाचणारा कोण, याची विचारपूस सुरू झाली. ज्या लिपीत आमच्या पणजोबांनी जमिनीचे व्यवहार केले, ती त्यांच्याच पणतवंडांना परकी. मोडी कोणा कंपनीनं बंद केली नव्हती, हा फरक मी लपवत नाही. तरी कागद सांभाळला म्हणजे मजकूर सांभाळला असं होत नाही, एवढं त्या दप्तरांनी दाखवून दिलं. लिब्रेऑफिस ज्या खुल्या स्वरूपात फाइल जतन करतं, ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची व्याख्या कोणीही वाचू शकतो, उद्या कोणीही ती उघडणारा नवा कार्यक्रम लिहू शकतो. माझ्या दृष्टीनं लिनक्सपेक्षाही हा बदल मोठा आहे. आणि तो विंडोजवर राहूनही करता येतो, हे कडवे लिनक्सवाले सहसा सांगत नाहीत.

आता सगळ्यांत जड आक्षेप. 'बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?' निलंग्यात, अहमदपुरात, वसमतला विंडोज मारून देणारा गल्लीगल्लीत आहे. लिनक्स म्हटलं की तो हात झटकतो. हा आक्षेप मी खोडू शकत नाही, तो खराच आहे. पण तो लिनक्सवरचा आहे की आपल्यावरचा? केरळातल्या सरकारी शाळांनी या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकाचं शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. ते टिकलं, कारण त्यांनी आधी मास्तर तयार केले, शाळाशाळांतून शिकवणारे शिकवले, मल्याळममध्ये सगळं आणलं, आणि मग चकती वाटली. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीनं तालुक्यापासून बाजाराच्या गावापर्यंत माणसं संगणकासमोर बसवली, हे ऋण कोणी नाकारू नये. पण त्या शिकण्यात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरणही आपसूक पक्कं झालं. विरोधक इथे म्युनिकचं उदाहरण देतात. त्या शहराच्या पालिकेनं २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षं खपून पंधरा हजारांच्या आसपास संगणक हलवले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे फिरायचा ठराव केला. म्हणजे फसलं? २०२० मध्ये तिथल्याच नव्या सत्ताधाऱ्यांनी पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं कबूल केलं. म्युनिकवरून मला एवढंच दिसतं की पालिकेचा कारभार ठरावागणिक फिरतो. ताईच्या घरी ठराव नसतो. तिथे एक संगणक आहे, एक वापरणारी आहे, आणि फोन केला तर उचलणारा एक भाचा हवा. तो नसेल, तर मीही सांगेन, या फंदात पडू नका.

भाच्याची खरी चूक मात्र 'टाकून देतो' या दोन शब्दांत होती. एका बैठकीत जुनं पुसून नवं बसवायचं, ही घाई. आमच्या आजोबांच्या वहीत दोन रकाने असत, हाली आणि कलदार. निजामाचा हाली रुपया आणि हिंदुस्थानचा कलदार. सात हाली बरोबर सहा कलदार. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, म्हणून १८ तारखेला सकाळी हाली रद्दी झाला नाही. पुढे भारतीय रुपया आला, दोन्ही चलनं शेजारी शेजारी चालली, आणि हाली पुरता बाद व्हायला १९५९ उजाडलं. मधेच १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले, तो घोळ आणखी निराळा. अकरा वर्षं लोकांनी मनातल्या मनात सातास सहा केले. ज्यांनी राज्य बदललं त्यांना चलन एका दिवसात बदलता आलं नाही, आणि आपण ताईच्या हाताची वळणं लाडू संपायच्या आत बदलायला निघालो.

ही अक्कल मलाही उशिराच आली. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या संगणकावर, एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवताना मी चुकीचा भाग निवडला आणि त्याच्या मुलीच्या जावळाचे फोटो पुसले. तो काही बोलला नाही. त्याची बायको अजून बोलत नाही. तेव्हापासून मी डिस्कची फाळणी करत नाही. जुनी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवायची, जशीच्या तशी. नवी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा चपळ अशी डिस्क, लावून लिनक्स तिच्यावर घालायची. नव्या संगणकापुढे तिची किंमत किरकोळ, आणि जुना संगणक खरा तरतरीत होतो तो बहुतेक तिच्यामुळेच; लिनक्सला त्याचं फुकटचं श्रेय मिळतं. त्याच्याही आधी उगवण चाचणी. पेरणीपूर्वी आपण घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि सत्तर उगवले तरच ते पेरायला घेतो. लिनक्समध्ये तीच सोय आहे. पेनड्राइव्हवरून संगणक चालू करायचा. डिस्कला हातही लागत नाही. वायफाय सापडलं का, आवाज येतो का, प्रिंटर बोलतो का, मराठी उमटतं का, हे आठ दिवस बघायचं. नाही जमलं तर पेनड्राइव्ह काढायचा, विंडोज होती तिथेच असते.

आणि लिनक्स कोणाला अमरपट्टा देत नाही, हेही सांगितलं पाहिजे. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये हेलसिंकीत ज्या ३८६ चिपवर हे काम सुरू केलं, ती १९८५ ची. तिला लिनक्सच्या गाभ्यानं २०१२ मध्ये सोडलं. लिनक्सच्या बहुतेक नामांकित वितरणांनी, म्हणजे तयार आवृत्त्यांनी, ३२ बिटी यंत्रंही गेल्या काही वर्षांत सोडली. तुमच्याकडे २००५ चा संगणक असेल, तर लिनक्सवालाही त्याच्याकडे बघून मान हलवेल. फरक एवढाच की ३८६ ला निरोप मिळाला तो सत्तावीस वर्षांनी, तिला सांभाळण्याचा जादा भार नकोसा झाला तेव्हा. आणि तो निर्णय, त्यामागची चर्चा, बदललेल्या ओळी, सगळं कोणालाही वाचता येईल असं उघड्यावर आहे. ज्याला सांभाळायचीच आहे, त्याचा हात कोणी धरलेला नाही.

ताईच्या संगणकाची चाचणी पंधरा दिवस चालली. शंभरातले सत्तर नक्की उगवले. नोव्हेंबरात एसएसडी बसवली, लिनक्स मिंट घातलं, जुनी डिस्क नाव लिहून देवघरातल्या कपाटात ठेवली. ताईला पहिल्या आठवड्यात पाच फोन करावे लागले, दुसऱ्यात दोन. त्यातला एक संगणकाचा नव्हता. प्रिंटर मात्र आजतागायत चाललेला नाही. जवळजवळ प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तसलाच तो जुना लेझर प्रिंटर आहे, त्याचा ड्रायव्हर भाच्यानं दोनदा घातला आणि दोन्ही वेळा एक पान छापून तो मुका झाला. भाचा संक्रांतीला येऊन बघणार होता, सुट्टी मिळाली नाही. तोवर ताईच्या प्रिंट आडतीतल्या विंडोजवरून निघतात, आणि दाजी पानामागे दोन रुपये लावतात.